ज्वालामुखीतून उडणाऱ्या दगडांचा धोका-नकाशा कसा बनवायचा: आधी कंपासचं टोक, मग त्रिज्या

27 सप्टेंबर 2014, शनिवार, सकाळचे 11 वाजून 52 मिनिटं. जपानमधल्या ओंटाके डोंगराच्या माथ्यावर शरद ऋतूतले रंग बघायला आलेल्या लोकांची गर्दी, बरेचसे जण डबा काढून बसलेले, आणि अचानक डोंगर फुटला. लाव्हा वगैरे काही आला नाही, जमिनीखालचं पाणी तापून वाफ झाली आणि त्या वाफेने जुना खडक फोडून वर भिरकावला, बस एवढंच. 58 माणसं गेली आणि 5 सापडलीच नाहीत. बहुतेकांचा जीव घेतला तो आकाशातून पडलेल्या दगडांनी, तेही मुखापासून, म्हणजे जिथून स्फोट झाला त्या जागेपासून, साधारण एक किलोमीटरच्या आत.

ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाव्हा येतो, फार तर राख. दगड कोणाच्या लक्षात नसतात. पण विवराजवळ जाणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी गाठतात ते हेच, कारण ते 10-20 सेकंदात येऊन पडतात आणि तेवढ्यात कुठला सायरनही वाजत नाही. म्हणून नकाशा आधीच तयार लागतो. तो कसा बनवायचा ते खाली पायरी-पायरीने लिहितोय. भूगोल-भूशास्त्राचे विद्यार्थी, जीआयएस (कम्प्युटरवर नकाशे) करणारे, आपत्ती व्यवस्थापनात काम करणारे, कोणालाही झेपेल असं. गणित आहे, पण एक्सेलमध्ये बसेल एवढंच.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो कारण पुढे सगळीकडे तीच येणार आहे. नकाशाची चर्चा सुरू झाली की सगळे भांडतात त्रिज्येवरून, एक किलोमीटर ठेवायची का तीन. मी म्हणतो त्रिज्या राहू दे, आधी सांगा की कंपासचं टोक टेकवलंय कुठे? मध्यच चुकला तर त्रिज्या कितीही काळजीने काढा, वर्तुळ दुसऱ्याच डोंगरावर पडणार.

पायरी 1: कुठले दगड मोजायचे ते ठरवा

वर्गीकरणात 64 मिलिमीटरपेक्षा मोठे तुकडे म्हणजे ब्लॉक आणि बॉम्ब. आधीच घट्ट असलेला खडक फुटून उडाला तर ब्लॉक, वितळलेला लाव्हा उडून हवेत थिजला तर बॉम्ब. 2 ते 64 मिलिमीटर म्हणजे लॅपिली, त्याखाली राख. राख वाऱ्यावर जाते, शेकडो किलोमीटरही जाते. मोठा दगड वाऱ्याला फारसा जुमानत नाही, तोफगोळ्यासारखा कमान करून जातो आणि पडतो, म्हणून त्याला बॅलिस्टिक म्हणतात. बहुतेक वेळा हे दगड मुखापासून 5 किमीच्या आतच पडतात, त्यापलीकडे क्वचितच.

म्हणजे राखेचा नकाशा आणि दगडांचा नकाशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकावर एक छापून खिचडी करू नका. राखेच्या नकाशात वाऱ्याची दिशा राजा असते, इथे राजा म्हणजे मुख, वेग आणि डोंगराचा उतार.

आता एक गंमत. 64 मिमी ही रेषा भूशास्त्रज्ञांनी आपल्या सोयीसाठी आखलेली आहे, माणसाच्या डोक्याला विचारून नाही. स्फोटकांच्या सुरक्षेच्या नियमांमध्ये 79 ज्यूल किंवा त्याहून जास्त ऊर्जेचा तुकडा माणसाला घातक धरतात. साधारण 4 ते साडेचार सेंटीमीटरचा दगड, म्हणजे लिंबाएवढा, उंचावरून पूर्ण वेगाने (हवेच्या विरोधामुळे वेग आणखी वाढणं थांबतं तो वेग) पडला की तेवढी ऊर्जा घेऊन येतो. थोडक्यात, 64 मिमीच्या खालचा 'लॅपिली'सुद्धा जीव घेऊ शकतो. त्यामुळे माणसांसाठी नकाशा करताय तर कटऑफ खाली आणा, आणि फक्त इमारतींसाठी करताय तर 10 सेंमीपासून सुरुवात केली तरी चालेल. कुठला कटऑफ धरला ते नकाशावर लिहायचं, नाहीतर दोन नकाशांची तुलनाच करता येत नाही.

पायरी 2: मुख कुठे उघडेल? (इथे वेळ घालवा, खरंच घालवा)

जपानमधल्या कुसात्सु-शिराने ज्वालामुखीचं उदाहरण घ्या. सगळ्यांचं लक्ष युगामा नावाच्या विवरतळ्याकडे होतं, कारण अलीकडच्या काळातली हालचाल तिथलीच. 23 जानेवारी 2018 ला स्फोट झाला तो तिथे नाहीच, दक्षिणेकडच्या मोतोशिराने भागात, आणि तिथे होतं स्की रिसॉर्ट. दगड गोंडोलावर (रोपवेच्या डब्यांवर) आणि स्की करणाऱ्यांवर पडले, तिथे सराव करत असलेला सैन्यदलाचा एक जवान मरण पावला. युगामाभोवती कितीही सुंदर वर्तुळ काढलेलं असतं तरी काय उपयोग होता?

न्यूझीलंडमधल्या टोंगारिरोवर पण तसंच. अप्पर ते मारी हे विवर 1897 नंतर शंभराहून जास्त वर्षं गप्प होतं, आणि 6 ऑगस्ट 2012 च्या रात्री बाराच्या जरा आधी तेच फुटलं.

हवाई बेटांची केस तर त्याहून विचित्र. 16 जुलै 2018 ला लाव्हा समुद्रात पडताना बघायला गेलेल्या पर्यटकांच्या बोटीवर लाव्हाचे तुकडे येऊन आदळले, 23 जण जखमी. तिथे मुख असं नव्हतंच, गरम लाव्हा आणि पाणी एकत्र आले आणि किनाऱ्याजवळ स्फोट झाला. म्हणजे 'मुख' शब्दाचा अर्थ ताणायला शिका, जिथे वाफ किंवा वायू दाबला जाऊन फुटू शकतो ती प्रत्येक जागा.

प्रत्यक्षात करायचं असं: नकाशावर एक ठिपका न ठेवता पॉलिगॉन, म्हणजे बंद सीमेचा भाग, काढायचा. त्यात काय काय येईल? ज्ञात असलेली सगळी जुनी विवरं, विवरतळी, वाफ येणाऱ्या भेगा, गरम जमीन, झाडं वाळत चाललेले पट्टे, या सगळ्यांना जोडणाऱ्या फॉल्ट रेषा (खडकातले मोठे तडे). मग प्रत्येक भागाला वजन द्या, उदाहरणार्थ सध्याच्या विवराला 0.6, शेजारच्या जुन्या विवरांना मिळून 0.3, आणि बाकी अख्ख्या पट्ट्याला 0.1. ही वजनं अंदाजाची असतात हे मान्य, पण तो अंदाज कागदावर तरी असतो, उद्या नवीन वाफ दिसली की बदलता येतो. ठिपका ठेवला की तुम्ही न बोलता 'इथेच फुटणार, 100 टक्के' असं म्हणून मोकळे होता.

पायरी 3: तीन परिस्थिती मांडा

लहान, मध्यम, मोठा असे तीन उद्रेक कागदावर मांडा. एकच 'सर्वात वाईट' धरलात तर अख्खा डोंगर लाल होतो आणि लोक नकाशा बघणंच सोडतात.

इटलीतला स्ट्राँबोली ज्वालामुखी हे शिकायला छान उदाहरण आहे. रोजचे छोटे स्फोट बहुतेक विवराच्या आसपास काही शे मीटरमध्ये संपतात, म्हणून तर लोक रात्री बघायला जातात. पण 5 एप्रिल 2003 ला मोठा स्फोट झाला तेव्हा दगड जिनोस्त्रा गावात जाऊन पडले, आणि 3 जुलै 2019 च्या तशाच मोठ्या स्फोटात डोंगरावर असलेल्या एका हायकरचा जीव गेला. तोच डोंगर, तेच विवर, दोन वेगळ्या दुनिया. तिथे दोन परिस्थिती वेगळ्या मांडल्या नाहीत तर सरासरी काढून तुम्हाला जे मिळेल ते रोजच्यासाठीही चूक आणि मोठ्यासाठीही चूक.

प्रत्येक परिस्थितीसाठी सुटण्याचा वेग, कोन, दगडांचे आकार, साधारण किती दगड, आणि अशी घटना किती वर्षांतून एकदा, एवढं लिहा. वेग साधारण सेकंदाला 50 ते 300 मीटर या रेंजमध्ये असतो.

पायरी 4: जमिनीवर जाऊन खड्डे मोजा

सगळ्यात आधी स्वतःची सुरक्षा. 14 जानेवारी 1993 ला कोलंबियातल्या गालेरास विवरात अभ्यासाला उतरलेल्या 6 शास्त्रज्ञांचा आणि सोबतच्या 3 पर्यटकांचा स्फोटात जीव गेला, ते लोक तर या विषयातले जाणकार होते. त्यामुळे विवराजवळ मुक्काम नाही, डबा खायला तिथे बसायचं नाही, हेल्मेट डोक्यावर (बॅगेला लटकवून नाही), निरीक्षण केंद्राशी संपर्क चालू, आणि ड्रोनने जमत असेल तर पायी जाऊच नका.

आता खड्डा कसा बघायचा. समजा मऊ राखेच्या उतारावर दीड मीटर लांब, मीटरभर रुंद असा लांबट खड्डा आहे. एका बाजूची कड जवळजवळ सपाट, दुसऱ्या बाजूला मातीचा ढीग आणि तिथून पुढे शिंतोड्यांसारखी पसरलेली माती. दगड सपाट बाजूने आला आणि ढिगाच्या बाजूला माती उडवली. लांबट अक्षाची दिशा होकायंत्राने घ्या, सपाट बाजूने मागे रेघ ओढा, ती मुखाकडे जायला हवी. अशा पंचवीस-तीस खड्ड्यांच्या रेघा नकाशावर ओढल्या की जिथे त्या एकमेकींना कापतात तिथे मुख. कधीकधी रेघांचे दोन गट दोन वेगळ्या जागी कापतात, म्हणजे एकाच उद्रेकात दोन मुखं बोलली. पायरी 2 चा पॉलिगॉन इथे येऊन सुधारायचा.

खड्ड्यात दगड असेलच असं नाही, तो फुटून तुकडे झालेला असतो किंवा उसळी मारून खाली गडगडलेला असतो. म्हणून खड्ड्याचा आकार म्हणजे दगडाचा आकार असं कधीच धरू नका, खड्डा जवळपास नेहमी मोठा. ज्या खड्ड्यांत दगड सापडला त्यांच्यावरून 'खड्डा इतका तर दगड एवढा' असं स्थानिक गुणोत्तर काढा आणि बाकीच्यांना लावा. दगडाचे तीन अक्ष मोजा, लांब, मधला, आखूड. घनता काढायला लहान तुकडा हवेत आणि पाण्यात तोला, सच्छिद्र असेल तर पातळ प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून. दाट खडक 2400 ते 2700 किलो प्रति घनमीटर भरतो, फेसाळ बॉम्ब त्याच्या निम्म्यावरही येऊ शकतो.

मोजणी चौकटी पाडून करायची, 10 बाय 10 किंवा 20 बाय 20 मीटरच्या, मुखापासून निदान चार दिशांना रांगेत. आणि हे अधोरेखित करून ठेवा: ज्या चौकटीत एकही खड्डा नाही तिथे '0' लिहायचं, रिकामं सोडायचं नाही! 'बघितलं, काही नाही' आणि 'बघितलंच नाही' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि महिन्याभराने तो तुम्हालाही आठवणार नाही.

दुसरा सापळा म्हणजे जमीन. मऊ राखेत आणि गवतात खड्डे मस्त टिकतात, घट्ट लाव्हावर दगड आपटून फुटतो आणि खूणही राहत नाही, झुडपांत वरून काढलेल्या फोटोला काही दिसत नाही, आणि पावसाळ्यानंतर तर निम्मे खड्डे बुजतात. मग नकाशावर दिसतं की 'पूर्वेला जास्त दगड पडले', खरं कारण एवढंच की पूर्वेला राख मऊ होती. म्हणून प्रत्येक चौकटीसोबत जमिनीचा प्रकार नोंदवा.

जुना दगड की नवा हे बघायला त्याच्याखाली हात घाला. या उद्रेकाची राख दगडाखाली असेल तर दगड नंतर पडला, राख वर असेल तर आधी. शेवाळ-दगडफूल चढलेलं असेल तर तो जुना गडी आहे, त्याला या हिशोबात धरू नका, वेगळ्या कॉलममध्ये धरा.

टोंगारिरोवरच्या ते मारीच्या उद्रेकानंतर ऑर्थोफोटोवरून (आकाशातून काढून नकाशासारखे सरळ केलेले फोटो) साडेतीन हजारांच्या आसपास खड्डे मोजले गेले, आणि चित्र स्पष्ट झालं की दगड गोल पसरलेच नव्हते, काही दिशांना दाट, काही दिशांना जवळपास नाहीत. साधारण 6 चौरस किमी भाग आणि टोंगारिरो अल्पाइन क्रॉसिंग या प्रसिद्ध पायवाटेचा सुमारे 2.6 किमी पट्टा त्यात सापडला. दीडेक किमीवरच्या केटेटाही हटच्या (वाटेवरच्या निवाऱ्याच्या) छतातून दगड आरपार गेले. उन्हाळ्यातली दुपार असती तर? असो.

पायरी 5: एक दगड हाताने उडवून बघा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे एकदा स्वतः करा. हवा नसती तर 45 अंशात सुटलेल्या दगडाचं अंतर = वेगाचा वर्ग भागिले 9.81. सेकंदाला 150 मीटर वेग घेतला तर सुमारे 2290 मीटर. छान, आता हवा घाला.

20 सेंमी व्यासाचा दगड घ्या, घनता 2400, वजन भरतं साधारण 10 किलो. हवेच्या विरोधाचा गुणांक 0.8 धरा, कारण दगड ओबडधोबड असतो, गुळगुळीत चेंडू नाही. हवेची घनता 1.1. एक्सेलमध्ये प्रत्येक ओळ म्हणजे 0.1 सेकंद, कॉलम्समध्ये आडवा वेग, उभा वेग, x, y, आणि दर ओळीला वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात विरोध वजा करत जा. उत्तर येतं साधारण 780 मीटर! 2290 कुठे आणि 780 कुठे, हवेने दोन तृतीयांश अंतर खाल्लं. हवेत 15 सेकंद, आणि जमिनीवर आदळताना वेग सेकंदाला 65 मीटरच्या आसपास, ऊर्जा 21 हजार ज्यूल. वरचा 79 ज्यूलचा आकडा आठवा.

आता सगळं तेच ठेवून फक्त व्यास 1 मीटर करा. अंतर जवळपास 1.6 किमी होतं. म्हणजे मोठा दगड जास्त लांब जातो, लहान नाही, कारण वजनाच्या मानाने हवा त्याला कमी अडवते. पहिल्यांदा हे बघितलं की विश्वास बसत नाही. प्रत्यक्षात मोठे दगड बरेचदा कमी वेगाने सुटतात त्यामुळे निसर्गात हिशोब थोडा फिरतो, पण 'लांब आहे म्हणजे बारीकच दगड येतील' हा समज काढून टाका.

अजून एक फेरी: पडण्याची जागा मुखापेक्षा 300 मीटर खाली असेल तर तोच 1 मीटरचा दगड आणखी दोनशेक मीटर पुढे जातो. म्हणून सपाट कागदावरचं वर्तुळ डोंगरावर लागू होत नाही, उताराच्या बाजूला ते लांबतं आणि उंच कड्याच्या बाजूला अडवलं जातं.

आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. मुखाजवळ दगड स्थिर हवेत नसतो, त्याच्यासोबत वायूचा झोत त्याच वेगाने वर जात असतो, त्यामुळे पहिल्या काही शे मीटरमध्ये विरोध फार कमी. हे धरलं नाही तर प्रत्यक्षात सापडलेल्या अंतरापर्यंत दगड पोचवायला तुम्हाला भलताच मोठा वेग घालावा लागतो, आणि मग तो फुगवलेला वेग पुढच्या सगळ्या नकाशात शिरतो.

पायरी 6: डेम, प्रोजेक्शन आणि माझी फजिती

डोंगराचं उंचीचं मॉडेल, म्हणजे डेम, 5-10 मीटरचं मिळालं तर उत्तम, नाहीतर फुकटातलं 30 मीटरचं चालवून घ्या. त्याची तारीख मात्र बघा. एसआरटीएम या अवकाशातून रडारने केलेल्या उंची-मोजणीचा डेटा फेब्रुवारी 2000 चा आहे, त्यानंतर विवराची कड ढासळली असेल तर तुमचे दगड नसलेल्या भिंतीवर आपटत राहतील.

आता फजिती. मी पहिल्यांदा क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये बफर (ठरावीक अंतराचं वर्तुळ) काढला तेव्हा लेअर अक्षांश-रेखांशात होता आणि मी बिनधास्त 0.01 डिग्री टाकलं, 'एक किलोमीटरच आहे की' म्हणून. स्क्रीनवर मस्त गोल दिसलं. दोन दिवसांनी पायवाट मोजताना कळलं की काहीतरी गंडलंय. 40 अक्षांशावर 0.01 डिग्री उत्तर-दक्षिण 1.11 किमी असते पण पूर्व-पश्चिम फक्त 0.85, म्हणजे माझं वर्तुळ जमिनीवर लंबगोल होतं आणि पूर्वेची पायवाट सुरक्षित दाखवत होतं. तेव्हापासून काहीही करायच्या आधी लेअर यूटीएममध्ये, म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनमध्ये, नेतो, मगच चहा.

पायरी 7: हजारो दगड उडवा

एका दगडाची कमान जमली की तीच कम्प्युटरला लाखभर वेळा करायला लावायची. वेग, कोन, दिशा, व्यास, घनता, विरोध, आणि मुखाची जागा, प्रत्येक वेळी रेंजमधून वेगळी उचलायची. तयार प्रोग्रॅम आहेत. यूएसजीएस या अमेरिकेच्या भूशास्त्र संस्थेतल्या लॅरी मॅस्टिन यांचा 'ईजेक्ट' एकेका दगडासाठी आहे, शिकायला बेस्ट. संभाव्यतेसाठी सेबास्टियन बियास आणि सहकाऱ्यांचा 'ग्रेट बॉल्स ऑफ फायर' आहे, 2016 मध्ये इटलीतल्या व्हल्कानो बेटावरच्या ला फोस्सासाठी वापरून दाखवलेला. पायथॉन येत असेल तर स्वतः लिहा, शंभर-दीडशे ओळींचं काम आहे.

पण आधी कॅलिब्रेशन, म्हणजे मॉडेल खऱ्या मोजणीशी जुळवणं. पायरी 4 चे निम्मे खड्डे वापरून वेग आणि कोन असे जुळवा की मॉडेलचे दगड खऱ्या खड्ड्यांसारखे पसरतील, मग उरलेल्या निम्म्यांवर तपासा. सगळेच्या सगळे खड्डे जुळवण्यात वापरले तर तपासायला काय राहिलं? दिशेचा झुकाव इथेच घाला: तिरकस भेगेतून स्फोट होतो तेव्हा एका बाजूला दाट मारा होतो, ते मारीसारखा. पण पुढचा स्फोट त्याच दिशेला होईल याची खात्री नसते, म्हणून नकाशासाठी काही रन झुकावाचे आणि काही गोल, दोन्ही ठेवा.

मग डोंगरावर 50 मीटरच्या चौकटी टाका आणि प्रत्येकीत किती दगड पडले, त्यातले किती तुमच्या ऊर्जेच्या कटऑफच्या वर, ते मोजा.

पायरी 8: आकड्यातून माणसापर्यंत

समजा एका हेक्टरमध्ये, म्हणजे 10,000 चौरस मीटरमध्ये, 400 दगड पडतात. दर चौरस मीटरला 0.04. वरून पाहिलं तर माणूस आणि दगड मिळून साधारण 1 चौरस मीटर जागा धरा, मग निदान एक दगड लागण्याची शक्यता 1 वजा e चा (e म्हणजे 2.718) उणे 0.04 वा घात, म्हणजे जवळपास 4 टक्के. बरं वाटतं ना? पण दगड आदळून फुटतो, त्याच्या चिपा आणि जमिनीतले तुकडे आजूबाजूला उडतात. तो घातक घेर 10 चौरस मीटर धरला की शक्यता थेट 33 टक्के. एक गृहीतक बदललं आणि आठपट फरक! म्हणून हा आकडा कोणता धरला ते लपवू नका.

आता वेळ घाला. 2.6 किमीची वाट ताशी 3 किमीने चाललं तर 52 मिनिटं. वर्षात उद्रेकाची शक्यता 10 टक्के धरली, तर नेमक्या त्या 52 मिनिटांत तो होण्याची शक्यता लाखात एक. त्याला 4 टक्क्यांनी गुणा, सुमारे 25 लाखांत एक. एकट्या माणसासाठी नगण्य. पण डोंगर हलायला लागला आणि तीच 10 टक्के शक्यता वर्षाची न राहता महिन्याची झाली, की आकडा बारापट होतो, 2 लाखांत एक. आणि जो गाईड त्या वाटेवर वर्षाला 150 फेऱ्या मारतो त्याचा धोका पर्यटकाच्या दीडशेपट, हे तर कोणी मोजतच नाही.

यातून दोन वेगळे नकाशे निघतात. 'उद्रेक झालाच तर काय' हा एक, आणि 'वर्षभरात काय शक्यता' हा दुसरा. पहिला सुटका करणाऱ्यांना आणि बंदी कुठपर्यंत घालायची हे ठरवणाऱ्यांना लागतो, दुसरा हट कुठे बांधायची हे ठरवणाऱ्यांना. दोघांना एकच कागद देऊ नका.

पायरी 9: छप्पर आणि आडोसा

व्यास दुप्पट झाला की पूर्ण वेगाने पडणाऱ्या दगडाची ऊर्जा 16 पट होते. 10 सेंमीचा सव्वादोन हजार ज्यूल, 20 सेंमीचा जवळपास 36 हजार (पायरी 5 मधला दगड पूर्ण वेगाला पोचला नव्हता, म्हणून तिथे 21 हजारच). म्हणून 'छप्पर आहे' हे उत्तर अपुरं, कुठल्या आकारापर्यंत टिकेल हे विचारा. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात हवेच्या दाबावर चालणाऱ्या तोफेतून काँक्रीटवर दगड मारून हे तपासलं गेलंय. जपानमध्ये आसो डोंगरावर 1958 च्या स्फोटात 12 जण गेले, आता विवराच्या काठावर जाडजूड काँक्रीटचे आडोसे आहेत. नकाशावर असा प्रत्येक आडोसा, मोठा खडक, कड्याची मागची बाजू दाखवा, आणि वाटेच्या प्रत्येक टप्प्यापासून तिथे पोचायला किती सेकंद लागतात ते लिहा. वरच्या हिशोबात दगड 15 सेकंदांत खाली आला होता, त्यामुळे 200 मीटरवरचा आडोसा पहिल्या माऱ्यासाठी कामाचा नाही, दुसऱ्यासाठी असू शकतो.

पायरी 10: नकाशा काढा, आणि शब्द जपून

झोन तीनपेक्षा जास्त नकोत. इंद्रधनुष्याचे रंग नकोत, फिक्यापासून गडद एकच रंग पुरतो. सीमारेषा अगदी धारदार काढू नका, लोक रेषेच्या दोन पावलं बाहेर उभे राहून फोटो काढतात. शक्य असेल तर सीमा डोंगरधार, ओढा, पाटी असल्या जमिनीवर दिसणाऱ्या खुणेवर आणा, आणि ती आणताना नेहमी बाहेर सरकवा, आत नाही. मुख पॉलिगॉन म्हणूनच दाखवा.

बाहेरच्या भागाला 'सुरक्षित' लिहू नका. ओंटाके फुटला तेव्हा इशारा पातळी 1 होती आणि तिच्या नावात शब्द होता 'सामान्य'. 2015 मध्ये तो काढून 'सक्रिय ज्वालामुखी आहे याचं भान ठेवा' अशा अर्थाचा शब्दप्रयोग आणला. आपण 'दगड पोचण्याची शक्यता कमी' असं लिहायचं, आणि शेजारी एक ओळ की या नकाशात गरम राखेचे लोट, चिखलाचे लोंढे आणि विषारी वायू धरलेले नाहीत. 2019 मध्ये न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर 22 जण गेले ते मुख्यतः भाजल्यामुळे, नुसता दगडांचा नकाशा बघून तिथला धोका कळलाच नसता.

छापण्याआधी नकाशा अशा दोन-तीन जणांना द्या ज्यांनी तो आधी बघितलेला नाही, आणि प्रश्न विचारा: तू इथे उभा आहेस, स्फोट झाला, कुठे पळशील? ते नकाशा फिरवत बसले किंवा तळ्याकडे बोट दाखवलं तर चूक त्यांची नाही, परत काढा.

कोपऱ्यात तारीख, कटऑफ, धरलेला घेर, डेमचं वर्ष, आणि 'नवीन वाफ किंवा भेग दिसली की हा नकाशा रद्द' असं लिहा. ते मारी ऑगस्ट 2012 नंतर 21 नोव्हेंबरला पुन्हा फुटलं, साडेतीन महिनेच झाले होते. म्हणून पायरी 2 ची फाइल बंद करून आर्काइव्हमध्ये टाकू नका, डेस्कटॉपवरच राहू द्या.